सोपानआप्पांची स्वीडनची टोपी

रोज संध्याकाळी मी दमूनभागून घरी येतो, तेव्हा जिन्यात सोपानआप्पा वाट पाहत उभे असतात. माझी नव्हे, माझ्या डोक्याची. "आलं का डोकं? द्या जरा हिकडं," म्हणतात आणि मी नको म्हणायच्या आत अर्धवट विणलेली लोकरीची टोपी माझ्या कानांवर ओढतात. भर मे महिन्यातसुद्धा. आणि मे नगरचा!

मी कोर्टात कारकून. दिवसभर पक्षकार माझं डोकं खातात, संध्याकाळी आप्पा उरलेल्याचं माप घेतात. भांडायलाही अंगात त्राण नसतं, म्हणून मी उभा राहतो.

आप्पा मूळचे पारनेरकडचे धनगर. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. बायको गेल्यावर मेंढरं विकली, आणि एकुलत्या एक लेकीनं, मंगलनं, त्यांना सावेडीत आमच्या वरच्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. मंगल स्वीडनमध्ये इंजिनिअर आहे. एका हिवाळ्यात तिनं आप्पांना एक टोपी पाठवली. तांबडी, त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं, कानांवर झापडं. तिकडची पिढ्यान्‌पिढ्यांची वीण म्हणे. "मी स्वतः विणलीय आप्पा," ती फोनवर म्हणाली. "आम्ही चौघी मैत्रिणी दर रविवारी विणायला बसतो."

दुसऱ्या कुणी ती टोपी घातली असती. आप्पांनी उसवली. कशी विणलीय ते बघायला! लोकरीचं टोक दिसलं की धनगराच्या हाताला ते ओढल्याशिवाय राहवत नाही. बघता बघता टोपीचा गुंता झाला आणि गुंत्याची पुन्हा टोपी काही होईना. मंगल पुढच्या डिसेंबरात येणार होती. त्याआधी टोपी जशीच्या तशी उभी करायची, नाहीतर पोरगी काय म्हणेल, या धास्तीनं आप्पा विणायला शिकू लागले.

गुरू मोबाईलमध्ये होता. एक गोरी म्हातारी विणत विणत काहीबाही सांगायची. आप्पांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण तिला वाईट वाटू नये म्हणून ते मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणायचे.

लेकीची लोकर वाया जाऊ नये म्हणून सराव गावाकडच्या पाहुण्यांच्या मेंढरांच्या लोकरीवर. ही लोकर घोंगडीची! तिच्या टोप्या वॉचमनला मिळाल्या, दूधवाल्याला मिळाल्या, मला तर दोन मिळाल्या. त्यावरच्या फुलांचे खेकडे झाले होते आणि ते चावतही होते.

"आप्पा, टोचतं हो."

"टोचनारच. थंडी काय लाडीगोडीनं जाती व्हय? स्वीडनला असंच आसतंय."

व्हिडिओ कॉलवर मंगल म्हणायची, "आप्पा, टोपी घालून दाखवा की." आप्पा म्हणायचे, "धुवायला टाकलीय." पुढच्या खेपेला, "वाळत घातलीय. इचार भाऊसायबांना." भाऊसाहेब म्हणजे मी. कोर्टात खोट्या साक्षी ऐकून कंटाळलेला माणूस, घरी येऊन मीच देऊ लागलो. ती टोपी उन्हाळाभर वाळत होती, पावसाळाभरही वाळत होती.

दिवाळीनंतर एकदाची तांबडी टोपी पुरी झाली. मागचं एक फूल तिरकं आलं होतं, पण चालण्यासारखं होतं. मंगल आली, तेव्हा आप्पा ती घालूनच दारात उभे राहिले. मी मागं, तिरकं फूल झाकून. मंगलनं टोपी पाहिली, हसली आणि म्हणाली, "अजून नवी दिसतीय की!"

ती आंघोळीला गेल्यावर मी आप्पांच्या पाठीवर थाप मारली. "सुटलात! तिला काही ओळखू आलं नाही."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कशी वळखंल? तिनं कुठं विनली हुती."

"म्हणजे?" मी विचारलं.

"हातानं गोल विनलेल्या टोपीला शिवन लागत न्हाई, भाऊसायेब. तिच्या टोपीला मागं मशिनीची शिवन हुती. उसवताना मला काय ठावं? शिकल्यावर कळलं. दुकानातली टोपी ती."

"मग त्या चौघी मैत्रिणी?"

"त्याबी नसतील. म्हाताऱ्यानं काळजी करू नये म्हून सांगितलं पोरीनं. एकटीच बसत आसंल रविवारची." ते टोपीवरचे लोकरीचे बारीक गोळे उपटत राहिले.

"विचारणार तिला?"

"न्हाई. शरमंल पोरगी."

त्या रविवारी दुपारी मी सहज वर गेलो. गॅलरीत दोघं बसले होते. आप्पांनी सुया मंगलच्या हातात दिल्या होत्या. "माझं फूल तिरकं येतंय. तुझी पद्धत दाव की मला."

मंगलनं सुया उलट्या धरल्या. धागा कुठून घ्यायचा तेही तिला कळेना. तिचा चेहरा पडला. आप्पांनी हळूच तिची बोटं सुईवर नीट बसवली.

"बराबर हाय, बराबर हाय," ते म्हणाले. "तिकडचं जरा निराळं आसंल. हिकडं आमी असा घेतो धागा. हां. आता वड."

एक टाका पडला. मंगल मान वर करीना.

"एक कर," आप्पा म्हणाले. "रविवारी तुमी चौघी बसता ना, तवा फोन चालू ठेव. मीबी बसंन हितं विनायला. त्यास्नी चालंल का इचार."

मंगलनं पुढचा धागा सुईवर घेतला. मग ती म्हणाली, "चालेल, आप्पा."