नमुन्याबरहुकूम कल्पनाशक्ती

मुलांची कल्पनाशक्ती वाढवण्याचा आदेश केज तालुक्यातल्या आमच्या शाळेत बुधवारी दाखल झाला. शुक्रवारपर्यंत ती वाढलेली असावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. प्रत्येक मुलाने स्वतःच्या मनाने गोष्ट लिहायची होती. स्वतःचं मन कसं असावं याचा नमुना सोबत जोडला होता: मामाचं गाव, पुरणपोळी वाढणारी मामी आणि अंगणात उडणारा हत्ती.

पाचवीतल्या सायलीनं घोळ घातला. तिची आई चंद्रभागाबाई ऊसतोडीला निघणार होती, ती आता उन्हाळ्यातच परतणार. तिला जाण्याआधी तिच्यावरचीच गोष्ट वाचून दाखवायची, असं पोरीनं ठरवलं. पहिलंच वाक्य लिहिलं, ‘माझी आई अर्धा कोयता हाय.’

आता ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि बाप वारल्यापासून आई अर्धी उरली, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण आदिनाथ गुरुजी घाबरले. वरून आदेश आला तर आलेली शिंक परत घेणारा माणूस!

"आगं, यात मामाचं गाव कुठाय?"

"मामाबी तोडीलाच गेलाय गुरुजी. घराला कुलूप हाय."

"मग कल्पना कर की!"

एवढ्यात तपासणीला बंकटराव साहेब आले. साहेब आष्टीकडचे, त्यांचे स्वतःचे आईबाप तोडीला जायचे. पण अभियान चालू असलं की त्यांना ते आठवत नसे.

"माणूस अर्धा कोयता? काय बी लिवतेत! वास्तवाला धरून नाही हे," साहेब म्हणाले. "आणि उडणारा हत्ती कुठाय?"

झालं. कोयत्याचा चमचा झाला. ऊस गेला, पुरणपोळी आली. शेवटी आईची मामी झाली, तेव्हा सायली रडायलाच लागली.

"मला आईसाठी लिवायचंय, गुरुजी!"

"आईसाठीच म्हणतोय बाळा. तालुक्यात नंबर आला तर तिला केवढा आनंद हुईल!"

नंबर आला. नमुन्याशी तंतोतंत जुळल्यामुळं सायलीची गोष्ट तालुक्यात सर्वांत स्वतंत्र ठरली. बक्षीस समारंभाच्या दिवशीच टोळी निघणार होती. चंद्रभागाबाईनं मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, पण ट्रक सभागृहाबाहेर थांबवून घेतला आणि मागच्या रांगेत येऊन बसली.

सायलीनं खणखणीत वाचलं. हत्ती उडाला, मामीनं पोळी वाढली, टाळ्या कडाडल्या. बंकटरावांनी तर डोळे पुसले.

चंद्रभागाबाईनं लेकीला पोटाशी धरलं. "लई झ्याक वाचलंस माय. पण माझ्यावर लिवलंय म्हणली हुतीस. मी कुठं हाय त्यात?"

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला आणि आई पळत जाऊन चढली. पोरीला नीट बघायलाही सवड मिळाली नाही, मुकादमाच्या तोंडात किडे पडोत!

ती गोष्ट आता जिल्हाभर नवा नमुना म्हणून गेली आहे. तुम्ही ऐकली नाही म्हणता? अहो, परवा पाहुणे आले तेव्हा तुमच्याच लेकराला मधोमध उभं करून म्हणायला लावलीत की! पोरगं मध्येच अडखळून स्वतःचं काहीतरी सांगायला लागलं, तेव्हा डोळे वटारून "हत्ती, हत्ती!" कोण म्हणालं?