गणूतात्यांची दवंडी

सरकारी कागद लिहिलाय तसा वाचायचा, हे गणूतात्यांना जन्मात जमलं नाही. पोशीरच्या अलीकडे आमचं गाव. तात्या तिथले ग्रामपंचायतीचे शिपाई. टेंपोवर भोंगा बांधून दवंडी द्यायचं काम त्यांचं. कागद चष्म्यापुढे धरायचे, मान हलवायचे आणि विचारायचे, "ह्यो कागद कुनाशी बोलतो रं?" मग कागद खिशात आणि दवंडी स्वतःची.

कोरोना आला तेव्हा कागदावर होतं, 'सुरक्षित अंतर राखावे.' तात्या ओरडले, "दोघांच्या मधी म्हैस उभी रावंल एवढं लांब उभं रावा!" रेशनच्या रांगेत लोक एकमेकांना दटावू लागले, "सरक मागं, म्हशीला जागा दे!" एवढी शहाणी रांग आमच्या गावात कधी लागली नव्हती.

पण तालुक्याहून आलेल्या एका साहेबांच्या कानावर ही म्हैस गेली. त्यांनी तात्यांची खरडपट्टी काढली. शब्दाला शब्द वाचायचा! मग तात्यांनी शाळेत धडा वाचावा तसं वाचलं, 'रुग्ण व त्याच्या कुटुंबीयांपासून अंतर राखावे.'

गावानंही ते शब्दाला शब्द पाळलं. तापाच्या घराकडे कुणी फिरकेना, वाटेवरून हाकसुद्धा मारीना. आणि नेमक्या तात्यांच्या पत्नी सखूकाकू तापानं पडल्या. आमची त्यांची भिंतीला भिंत, पण आमच्याही खिडक्या बंद. तात्यांना साधा भात शिजवता येत नव्हता. काकू उपाशीपोटी गोळ्या गिळत होत्या. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "अवो, गावानं अंतर दिलं आपल्याला."

तात्या तडक अंगणात आले. टेंपो तिथंच उभा होता. त्यांनी भोंगा चालू केला. हातात कागद नव्हता.

"ऐका हो! लांब रावा, तोंड बांधा. पन आजारी मानसाला अंतर देऊ नका. जेवान उंबऱ्यावं ठेवा, हाक मारा, मंग मागं सरा. माझी सखू उपाशी हाय. मला सैपाक येत नाय."

भोंग्यावर बायकोचं नाव! एरवी चार भिंतींतसुद्धा ते 'अगं ए'च्या पुढे गेले नव्हते.

आमची आई आधी उठली. तांदळाची भाकरी आणि कालवण त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं, मागे सरली आणि ओरडली, "सखू, जेवून घे गं!"

तात्या दारात आले. वाकून दोन्ही हातांनी भाकरी उचलली.

मग आतून काकूंनीच ओ दिली.