दुसऱ्याच्या निखाऱ्यात

नोएलियाला आज बाबांकडून घर विकायला होकार घ्यायचा होता, आणि तोही जेवण संपायच्या आत. आई गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात बाबा एकटे. पण विषय काढला की त्यांचं एकच: "मग रविवारचं मांस भाजू कुठे? तुझ्या बाथरूममध्ये?" अंगणातल्या विटांच्या शेगडीत म्हाताऱ्याचा जीव अडकलेला. म्हणून तिने त्यांना रविवारी भर दुपारी ब्युनोस आयर्समधल्या गर्दीच्या स्टेकहाउसात आणलं. अंगण नसलं तरी माणूस उपाशी मरत नाही, हे एकदा दिसू दे त्यांना.

बाबा, म्हणजे एलादिओ, बसले ते नेमके तिथल्या शेगडीकडे तोंड करून.

"ज्वाळा बघ! हा मांस भाजतोय की घर पेटवतोय?"

"बाबा, आज तुम्ही पाहुणे. गप्प बसून खायचं."

"बसलोय की. हात तेवढे धुऊन येतो."

हात धुवायची वाट शेगडीवरून जात होती. आमच्याकडे कुणाच्या फुटबॉल क्लबाला शिव्या घातल्या तर एक वेळ चालतं, पण दुसऱ्याच्या शेगडीला हात? नाव काढू नका! एलादिओंनी चिमटा उचलला आणि एक तुकडा, एकच, अलगद बाजूला सरकवला.

"कोणी हात लावला?" भाजणारा रुफिनो गरजला. त्याने आपला अ‍ॅप्रन काढून एलादिओंच्या गळ्यात अडकवला. "घ्या काका, भाजा तुम्हीच!" आणि तडक त्यांच्या खुर्चीत, नोएलियासमोर जाऊन बसला.

मालक कपाळ बडवू लागला. बाहेर रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली, आणि एलादिओंनी आधी काय केलं, तर सगळे निखारे पसरून ठेवले. "मंद आचेवर होऊ दे. घाई कसली?" घाई त्यांच्या अंगणात नसायची, इथे लोक काटे वाजवायला लागले होते. शेवटी भुकेले बाप्ये एकेक करून उठले आणि शेगडीभोवती जमले. प्रत्येक जण आपापल्या घरचा वस्ताद.

"काका, उलटा आता, करपलं!"

"मीठ आत्ताच कशाला घातलंत?"

"निखारे ओढा की जरा इकडे!"

"माझ्या शेगडीला कोणी शिवायचं नाही, सांगून ठेवतो!" एलादिओ चिमटा परजत ओरडले. रुफिनोला हसता हसता ठसका लागला. "आता कळलं ना, काका?" म्हणत तो उठला आणि त्याने अ‍ॅप्रन परत घेतला.

एलादिओ आपण भाजलेला तुकडा घेऊन घामाघूम टेबलाशी आले. नोएलियाने मान खाली घातली. आता कसला विषय काढते ती!

"घर विकून टाक," एलादिओच म्हणाले.

"बाबा?"

"तिकडे मी भाजतो तेव्हा बोलायलाच कोणी नसतं गं. तुझी आई सारखी मागे उभी असायची. 'करपलं, उलटा, मीठ कमी पडणार.' किती डाफरायचो मी तिच्यावर! आता हवं तसं भाजतो, आणि घास उतरत नाही."

होकार मिळाला होता. नोएलियाने डोळे पुसले, मोठा घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"घराचं राहू दे. येत्या रविवारी आम्ही सगळे अंगणात जेवायला येतोय. पण हे वातड झालंय, बाबा. निखारे उगीच पसरलेत तुम्ही."

"वातड? तुला काय कळतंय त्यातलं!" एलादिओ कडाडले, आणि तिच्यासमोरची ताटली स्वतःकडे ओढून भुकेल्यासारखे खायला लागले.