हत्तीणबाईंची करंगळी

मुलांनो, खरं सांगा, वर्गात बाई शिकवत असताना तुम्हाला कधी जोराची लागली आहे का? लाजू नका. हत्तींनाही लागते.

एका जंगलात सिंहमहाराजांची रोज सभा भरे. जागा छान होती. मध्ये खोलगट, चहूबाजूंनी उतार. महाराज मध्यभागी बसत. त्यांचे भाषण सकाळी सुरू होई आणि दुपार कलली तरी चाले. प्राणी मध्येच उठून जात. म्हणून कारभारी दौलतराव वानर यांनी नियम केला : ज्याला जायचे असेल त्याने आधी करंगळी दाखवावी.

वानरांची फार सोय झाली. ते दहादा करंगळी दाखवून बोरे खाऊन येत.

एके दिवशी उताराच्या वरच्या कडेला अनसाबाई हत्तीण बसली होती. येताना ती तळ्यावर भरपूर पाणी प्यायली होती. आपल्या पोटात खाली एक पिशवी असते, मुलांनो. ती भरते तशी ताणली जाते. ताण बसला की ती वर डोक्याला निरोप धाडते. पहिला निरोप हळू असतो. अनसाबाईला चौथा आला होता.

"कारभारी, मी जाऊन येते."

"करंगळी?"

अनसाबाईने पाय उचलला. दौलतरावांनी वाकून पाहिले. "ही नुसती नखं. करंगळी कुठाय?"

"अहो, मला सुटी बोटंच नाहीत!"

"मग लागली कशावरून?"

"आतून ताण बसलाय."

"मला तर दिसत नाही."

"तुम्हाला कसा दिसेल? पिशवी माझी आहे!"

शेजारच्या गुणाबाई साळिंदर म्हणाल्या, "जाऊ द्या हो तिला. डोळे बघा कसे झालेत."

"डोळे नियमात बसत नाहीत, गुणाबाई."

तेवढ्यात महाराजांनी भाषण थांबवून लांबलचक आळस दिला. पाठ आखडल्याचे त्यांना आतूनच कळले होते. त्यांना कोणी पुरावा मागितला नाही. उलट टाळ्या पडल्या.

अनसाबाईने मागचे पाय जुळवले. शेपटी आवळली. सोंड तोंडात धरली. समोरच तिची दोन नातवंडे बसली होती. त्यांच्यादेखत अब्रू जायची वेळ आली होती.

शेवटी दौलतरावांनी तोड काढली. तीन वानरांची समिती नेमली. पिशवी खरेच ताणली आहे का, ते समितीने बाहेरून दाबून पाहावे.

समितीने दाबून पाहिले.

सांगायला वाईट वाटते, मुलांनो. आधी समिती वाहत गेली. मग दौलतराव गेले, करंगळी वर धरून. मग आसनासकट महाराज तरंगू लागले. भाषण चालूच होते.

अनसाबाई लाजेने रडली. पण इतके हलके वाटत होते की रडता रडता तिला हसू आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा टेकडीवर भरली आणि अनसाबाईला पायथ्याशी बसवण्यात आले.

तात्पर्य : सभेला जाण्यापूर्वी पाणी प्यायचे असेल, तर आधी आपल्याला करंगळी आहे ना, याची खात्री करून घ्यावी.