बारा व्होल्टचे खळदकर

आमच्या वारज्याच्या सोसायटीतले खळदकर कुणाच्याही घरी गेले की 'कसं काय' विचारायच्या आधी खिशातून मीटर काढतात आणि दिव्याच्या तारेला लावतात. माझी बायको सुमन गेली, तिच्या तेराव्याला आले. फोटोवरच्या बॅटरीच्या दिव्याला मीटर लावून म्हणाले, "जाधव, बॅटरीपाशी बारा आहेत, दिव्यापाशी दहा. तार बारीक आहे." माझी मेहुणी पदर डोळ्याला लावून बसलेली, ती रडायचीच थांबली.

माणूस एकटा. लग्न केलं नाही, जन्म टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेला. चहा पांचट झाला, 'तार बारीक'. कुणाचा जावई फोन उचलत नाही, 'तार बारीक'.

सुमनच्या कुंड्या गच्चीवर आहेत. मोगरा, कढीपत्ता, गवती चहा. माझे गुडघे गेलेले. म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप आणून गच्चीवरच्या पिंपात सोडला. बॅटरी खाली माझ्या दाराशी, जिन्याखाली. मधे दारावरच्या घंटीची असते तसली तार. खाली बटण दाबलं की वर पाणी.

खळदकर आलेच.

"तार किती लांब?"

"तीन मजले."

"आणि परतीची?"

"परतीची कसली?"

"अहो, वीज जाते तशी परतही येते. लांबी दुप्पट धरायची. स्वारगेटला जन्मभर रिक्षा चालवलीत, परतीचं भाडं मागितलंत, मग तारेनंच काय घोडं मारलंय? घरच्या दोनशे तीस व्होल्टातले चार गेले तर कुणाला कळतही नाही. बारातले चार गेले की पंप नुसता गुरगुरतो. जाड तार घाला, नाहीतर बॅटरी वर न्या."

पार्किंगमधली माणसं हसली. मी सातवी शिकलेला, माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "तुम्हाला काय कळणार? बायको होती कुठे तुम्हाला! बसा तारा मोजत."

"बरोबर आहे," म्हणाले, मीटर खिशात घातला आणि गेले.

त्यानंतर बोलणं बंद. वरच्या काकू मोगऱ्याची फुलं आणून द्यायच्या, "छान फुललाय हो" म्हणायच्या. मी खळदकरांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगायचो, "बघा, बारीक तारेवर चालतोय."

परवा सकाळी बटण दाबलं आणि वाटलं, फुललेला मोगरा एकदा आपल्या डोळ्यांनी बघावा. कठडा धरत, थांबत थांबत चढलो.

वर खळदकर. हातात मग, शेजारी बादली, कढीपत्त्याला पाणी घालत होते. पंप पिंपात गुरगुरत होता, नळीतून थेंब नाही. मला बघून चोरासारखे दचकले.

"अहो, पाणी चढत नाही हे सांगायचं ना मला!"

"सांगितलं होतं."

मी मग विचारलं, "पण तुम्ही का घालताय?"

ते कुंडीकडेच बघत राहिले. "खाली बटण दाबून तुम्ही रोज म्हणता ना, 'सुमन, पाणी दिलं गं.' जिन्यात ऐकू येतं. ते खोटं पडू नये, एवढंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पाण्याचा मग माझ्या हातात दिला.

"मोगरा राहिलाय," म्हणाले. "तुम्ही घाला."