नल्लकुंट्यातली उभी ज्वारी

हैद्राबादच्या अख्ख्या नल्लकुंट्यात माझ्या घरासारखं मॉडर्न घर नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो! गच्ची सपाट, बाल्कनी गोल, जिन्याला सिमेंटची जाळी, प्रत्येक खिडकीवर रुंद छज्जा. आणि दर्शनी भिंतीवर, खिडक्यांखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटच्या लांबलचक कुंड्या. इंजिनिअर म्हणाला होता, "इसमें क्रोटन लगाव मियाँ, लोगाँ देखते रै जाते!"

लोक बघत राहिले खरे, पण क्रोटनमुळं नाही.

छप्पन्नच्या जूनमध्ये माझे सासरे, प्रतापरावमामा, उदगीरकडून आले. मी ऑफिसातून परतलो तर मामा मातीचे हात धूत होते.

"जावईबापू, एवढी चांगली माती आन् पडीक? मृग कोरडा घालवता व्हय? टाकली जवारी पेरून!"

"अहो मामा, ती माती शोभेच्या झाडांसाठी होती!"

"मग जवारीला काय शोभा नाही?"

ज्वारी तरारून उगवली. मी रोपं उपटायला निघालो, तर बायको आडवी आली. "अहो, उभ्या पिकाला हात लावत असतेत का? आबा जेवण सोडतील!" शेतकऱ्याची लेक ती, भामा! शिवाय माती खत घातलेली. बघता बघता ताटं खिडक्यांवरून वर गेली आणि माझ्या हवेशीर दिवाणखान्यात भरदिवसा दिवा लावायची पाळी आली.

इकडं भाषेनुसार हैद्राबाद राज्याचे तुकडे व्हायचं ठरलं. ऑफिसात एकच घोर, कोण हैद्राबादेत राहणार आणि कोण मुंबई राज्यात जाणार? मी मराठवाड्याचा, म्हणजे माझी रवानगी ठरल्यातच जमा. पण घराचा रंग अजून ताजा होता हो! जीव तुटत होता माझा. शेवटी बदल्यांची यादी करणाऱ्या आमच्या हाशमीसाहेबांना गाठलं.

"साब, उधर मेरा कुछ भी नै! ना खेत, ना बैल. मैं पक्का शहर का आदमी!"

साहेब विरघळले. "फिकर नक्को करो एकनाथराव. इतवार कू आतूँ, तुमारा नवा घर देखतूँ."

रविवारी साहेबांची मोटार फाटकाशी थांबली. नेमके त्याच वेळी कणसांवर पोपट उतरले. छज्ज्यावर राखणीला बसलेले मामा "हाऽऽ हुर्रऽऽ!" ओरडले आणि त्यांच्या गोफणीतलं ढेकूळ सुटलं ते थेट साहेबांच्या टोपीवर!

"ये क्या है?" साहेब वर बघत राहिले.

"साब, विलायती घास है! शो का!" मी ठोकून दिलं.

"और वो ऊपर कौन?"

"माली है, साब!"

साहेबांनी मान डोलावली. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच हा माळी हसतमुखानं खाली उतरला, हातात कणसं घेऊन! "रामराम साहेब! जावईबापूंच्या शेतातला हुरडा खाल्ल्याबिगर जायचं नाही बरं का!"

मोझॅकच्या गच्चीवर गोवऱ्या पेटल्या. हाशमीसाहेबांना मराठी चांगलं कळायचं, हे मला तेव्हा समजलं. मामांनी त्यांना ऊन ऊन हुरडा चोळून दिला, वर तिळाची चटणी वाढली. "गावाकडं विहीर हाय, मळा हाय, बैलं हायेत. मला ही एकच लेक. समदं जावयाच्याच नावानं करून ठेवलंय!"

मी मामांना कोपर मारलं. मामा म्हणाले, "लाजताय काय?"

साहेब बोटं चाटत माझ्याकडं वळले. "क्या मियाँ! इत्ती जायदाद, इत्ते अच्छे सुसर, और तुम हियाँ पड़े रैते? तुम तो उधरइच जाव!"

हुकूम आला. आता मी परभणीत पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतो, उन्हाळ्यात भाजून निघतो. नल्लकुंट्याचं घर हाशमीसाहेबांनीच भाड्यानं घेतलंय. मामा म्हणाल तर ते गावी नाहीत आणि माझ्याकडंही नाहीत. मृग लागलाय ना! ते साहेबांकडं पेरणीला गेलेत, माझ्या घरी!