चंद्रीची कडी

शेळीला नावानं हाक मारून, "ओटीपोट दुखतं का गं?" असं तुम्ही कधी विचारलं आहे का? आमच्या शेजारच्या डॉक्टर सुभद्राबाई रोज सकाळी विचारत. मला मात्र त्या 'पत्रकवाले' म्हणत.

गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवायची चांदीच्या तारेची कडी मुंबईहून सोलापुरात आली, तेव्हा मी गिरणीच्या दारात पत्रकं वाटली. बाळंतपणांच्या चक्रातून बायकांची सुटका झालीच पाहिजे! सुभद्राबाईंनी पत्रक वाचलं आणि तुंगी नि चंद्री या दोन शेळ्या विकत घेतल्या.

"पत्रकवाले, या कडीनं वरच्या बीजनळ्यांचं काय होतं, पाहिलंत?"

"तुम्ही पाहिलंत?"

"म्हणून तर शेळ्या!"

दोघींना कड्या बसवल्या. तुंगी तापानं मेली. बाईंनी तिच्या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून अख्ख्या गल्लीला दाखवल्या. आतलं नाजूक अस्तर सुजलेलं, वाट पुवानं बुजलेली. पोस्टमनसुद्धा सुटला नाही. त्याच दिवशी चंद्रीची कडी काढली. आता तिच्या नळ्या बुजल्यात का, हे तिलाही कापून पाहायचं होतं. पण सोमवार सिद्धेश्वराचा, मंगळवारी बाजार, बुधवारी सुरीला धार नाही. "शास्त्राला घाई चालत नाही," म्हणत बाई तिला भाकरी चारत. असे कितीतरी महिने गेले.

एका सकाळी गिरणीतली रत्नव्वा आली. लेकरांत अंतर पडावं म्हणून तिनं दुसरीकडे कडी बसवून घेतली होती. ताप चढला तेव्हा बाईंनीच ती काढली होती.

"सासू म्हनती, आता हिची कूस मिटली. खरं हाय का वो बाई?"

बाई तिला गोठ्यात घेऊन गेल्या. चंद्री पहाटेच व्याली होती. शेजारच्या बोकडानं परस्पर प्रयोग पुरा केला होता.

"हिलाही कडी होती. शेळीचं झालं म्हणून तुझं होईलच, असा शब्द देत नाही. पण सगळ्यांच्याच नळ्या बुजत नाहीत." बाईंनी एक ओलं करडू तिच्या ओटीत ठेवलं.

रत्नव्वा खुदकन हसली. "लई ग्वाड हाय! बाई, तुमी आजी झालासा की!"

लहानपणीच विधवा झालेल्या बाईंना कुणी नात्यानं कधी हाक मारलीच नव्हती. कोनाड्यातली ती बिनधारेची सुरी त्यांनी काढली आणि चंद्रीसाठी गूळ फोडायला बसल्या.

सुटका हवीच, हे मी आजही छापतो. पण तपासून, विचारून. तेव्हा वाचकहो, आज घरी गेलात की घरातल्या बाईला एकदा विचारा, "दुखतं का गं?" आणि 'हो' म्हणाली, तर लाजू नका, डॉक्टरकडे न्या.